पेलेट स्टोव्हवर आकडा किती ठेवायचा?

गेल्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरला राहायला आली होती. डिसेंबरातली संध्याकाळ होती, बाहेर बर्फ भुरभुरत होता. दिवाणखान्यातला पेलेट स्टोव्ह, म्हणजे भुशाच्या कांड्या जाळून घर तापवणारी शेगडी, छान पेटला होता, काचेमागे जाळ दिसत होता, आणि आई दोन स्वेटर घालून, पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर बसली होती.

"कितीवर ठेवलंयस गं हे?"

"सत्तरवर आहे, आई."

"मग मला एवढी थंडी का वाजतेय?"

सत्तर फॅरेनहाइट म्हणजे २१ सेल्सिअस. साताऱ्यात डिसेंबरच्या सकाळी घरात याहून गार असतं आणि आई तिथं अंगणात सडा घालते. तिची तक्रार मी वयावर ढकलली असती, पण सहज म्हणून टीपॉयवर एक साधा थर्मामीटर ठेवला. अर्ध्या तासानं त्यावर ६४ होते. पॅनेलवर ७०, टीपॉयवर ६४. आईचं बरोबर होतं.

तेव्हापासून ओळखीतल्या तीन-चार घरांतून मला याच स्टोव्हबद्दल फोन आलेत. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात, जुनं घर विकत घेतलं की पुष्कळदा हा स्टोव्ह घराबरोबरच पदरात पडतो. आधीचा मालक माहितीपुस्तिका ठेवून गेलेला नसतो, अपार्टमेंटमध्ये राहून आलेल्या माणसाला तापमान ठरवायचा भिंतीवरचा एकच थर्मोस्टॅट माहीत असतो, आणि इथं पॅनेलवर चार बटणं, दोन आकडे आणि तीन दिवे. तर हे प्रकरण पहिल्यापासून समजून घेऊ. तापमान फॅरेनहाइटमध्ये लिहिते, कारण इथल्या पॅनेलवर तेच असतं. सेल्सिअस जागोजागी कंसात देते.

भुशाच्या शेगडीचं शिकलेलं भावंड

ज्यांच्या आजीकडे भुशाची शेगडी होती त्यांना हा स्टोव्ह पटकन कळेल. वखारीतून भुसा आणायचा, पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरून भोवती तो ठासून भरायचा, बाटली अलगद ओढून काढायची आणि खालच्या भोकातून पेटतं लाकूड सारायचं. एकदा पेटली की शेगडी तासन्‌तास धुमसत राहायची. फक्त एक होतं: जाळ कमी-जास्त करणं फारसं आपल्या हातात नसायचं.

पेलेट म्हणजे तोच लाकडाचा भुसा. तो वाळवून प्रचंड दाबाखाली छिद्रांच्या जाड पोलादी साच्यातून रेटतात, सोऱ्यातून शेव पाडावी तसा. दाबानं आणि उष्णतेनं लाकडातलंच लिग्निन नावाचं द्रव्य मऊ होतं आणि भुसा धरून ठेवतं, वेगळा डिंक लागत नाही. निघतात त्या पाव इंच जाडीच्या, बोटाच्या पेराएवढ्या टणक कांड्या. ४० पौंडांच्या (१८ किलो) पिशवीत त्या मिळतात, आणि अशा ५० पिशव्या म्हणजे इथला एक टन. घरात वापरता येईल असा या कांड्यांचा स्टोव्ह १९८० च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, आकाराला आला. बोइंगमध्ये काम केलेले अभियंते जेरी व्हिटफील्ड यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईची झळ तेव्हा ताजी होती.

आत काय घडतं? वर एक टाकी असते, तिला हॉपर म्हणतात. पिठाच्या गिरणीत दळण ओततो तशा त्यात कांड्या ओतायच्या. तळाशी फिरणारा स्क्रू थोड्या थोड्या कांड्या पुढं ढकलतो आणि त्या जळणाच्या छोट्या भांड्यात टपटप पडतात. एक पंखा त्या भांड्यातून हवा खेचून धूर बाहेर काढतो. त्याला आपण फुंकणी म्हणू, कारण चुलीशी फुंकणीचं जे काम, तेच याचं. दुसरा पंखा खोलीतली हवा तापलेल्या नळ्यांवरून फिरवून परत खोलीत सोडतो. पहिल्यांदा पेटवायला इग्नायटर नावाची विजेवर लाल होणारी सळई असते. तिला जाळ धरायला पाच-दहा मिनिटं लागतात.

म्हणजे चुलीपुढं बसलेली बाई जे करते तेच हे यंत्र करतं: लाकूड पुढं सारायचं, मागं ओढायचं, फुंकायचं. जाळ किती हवा ते तिला भाकरीकडे बघून कळतं. स्टोव्हला ते आपण सांगावं लागतं, आणि तिथंच घोटाळा होतो.

५ म्हणजे पाच डिग्री नव्हेत

पॅनेलवर साधारणपणे दोन प्रकारचे आकडे असतात. एक १ ते ५ (कुठे १ ते ९), दुसरा ६८, ७० असा. पहिला आकडा जळणाचा आहे: स्क्रूनं तासाला किती कांड्या ढकलायच्या. दुसरा खोलीचं तापमान. पहिला म्हणजे जाळ, दुसरा म्हणजे ऊब. चुलीत चार लाकडं घातली म्हणून भात शिजलाच असं होत नाही, आणि दोनच घातली म्हणून कच्चा राहिला असंही नाही. पातेलं केवढं, झाकण आहे का, वारा किती, यावर ते ठरतं.

बऱ्याच घरगुती स्टोव्हमध्ये सगळ्यात मंद जाळाला तासाला सुमारे एक पौंड कांड्या लागतात, आणि पूर्ण जाळाला पाच पौंडांच्या आसपास. म्हणजे एक पिशवी १ वर ४० तास पुरेल आणि ५ वर आठ तासांत संपेल. इथं उष्णता बीटीयूमध्ये मोजतात. काडेपेटीची एक लाकडी काडी पूर्ण जळली की साधारण एक बीटीयू मिळतो. एक पौंड कांड्यांतून आठ हजारांच्या वर बीटीयू निघतात, त्यातला बराचसा भाग खोलीत येतो आणि उरलेला धुराड्यातून जातो. तेव्हा मंद आणि पूर्ण जाळात चार-पाच पटींचा फरक आहे. पॅनेलवर मात्र तो १ आणि ५ एवढाच दिसतो.

जाळाचा आकडा हातानं ठरवला आणि स्टोव्ह तसाच जळत राहिला, तर ती मॅन्युअल पद्धत. दुपारी ऊन आलं तरी तो तितकंच जळण घेणार, मध्यरात्री पारा पडला तरी तितकंच. माणूस जवळ असेल तर हे चालतं. घर सोडून कामावर जायचं असेल तर थर्मोस्टॅट हवा. ठरावीक तापमान गाठलं की "पुरे" असा निरोप देणारं ते साधन.

निरोप देणारा कुठं उभा आहे?

आईच्या थंडीचं मूळ इथं सापडलं. आमच्या स्टोव्हला तापमान मोजणारी एक वायर आहे, टोकाला मण्याएवढा सेन्सर. बसवताना ती मागच्या बाजूलाच गुंडाळून ठेवलेली होती, स्टोव्ह आणि भिंत यांच्या बेचक्यात. तिथली हवा अडकून तापायची. सेन्सर म्हणायचा ७० झाले, स्टोव्ह जाळ उतरवायचा, आणि बारा फुटांवरची आई गारठायची.

आम्ही वायर सोडवली, लांबवली आणि आतल्या भिंतीवर, सोफ्याच्या बाजूला, जमिनीपासून पाच फुटांवर तो मणी चिकटवला. दुसऱ्या दिवशी टीपॉयवर ६९. पॅनेलवरचा आकडा आम्ही बदललाही नव्हता.

म्हणून कोणी विचारलं की कितीवर ठेवू, तर मी आधी विचारते की सेन्सर कुठंय. तो स्टोव्हच्या गरम झोतात नको, बाहेरच्या भिंतीवर नको, खिडकीखाली नको, दिव्याजवळ नको. जिथं माणसं बसतात त्या खोलीच्या आतल्या भिंतीवर हवा. भिंतीवरचा वेगळा थर्मोस्टॅट जोडणार असाल तर स्टोव्हवरची ती जोडणी अगदी कमी व्होल्टेजची असते. घरातल्या १२० व्होल्टच्या तारेशी तिची गाठ पडली तर नियंत्रणाचा बोर्ड जळतो. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

विझवून पुन्हा पेटवायचा, की मंद ठेवायचा?

हा निर्णय आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे, असं आता माझं ठाम मत झालंय. "पुरे" असा निरोप मिळाल्यावर स्टोव्हनं काय करायचं, याच्या तीन तऱ्हा असतात. प्रत्येक कंपनी त्यांना आपापली नावं देते, पण आत तेच.

पहिली: पूर्ण विझायचं, आणि खोली गार झाली की पुन्हा पेटायचं. याला ऑन-ऑफ म्हणतात. दुसरी: विझायचं नाही, सगळ्यात मंद जाळावर जायचं, गरज पडली की पुन्हा मोठ्यावर. ही हाय-लो. तिसरी: तापमान जवळ येईल तसतसा जाळ थोडा थोडा उतरवत न्यायचा, मुरलेली सुगरण भात रटरटायला लागला की लाकूड बोटभर मागं ओढते तसा. याला मॉड्युलेटिंग म्हणतात. काही पॅनेलवर "रूम टेंप" असं लिहिलेलं असतं ते बहुधा हेच.

गॅसच्या भट्टीला ऑन-ऑफ शोभतं. ती क्षणात पेटते, क्षणात विझते. पेलेट स्टोव्ह ही खरीखुरी लाकडाची आग आहे. तिला पेटायला वेळ लागतो, आणि विझतानाही भांड्यातलं जळण संपेपर्यंत व लोखंड निवेपर्यंत पंखे फिरत राहतात. दर पेटण्याला इग्नायटर काही मिनिटं तीन-चारशे वॉट खेचतो, सुरुवातीला धूर जास्त होतो, आणि लाल होऊन निवण्यानंच तो इग्नायटर झिजतो. दिवसातून दहा वेळा विझणारा-पेटणारा स्टोव्ह लवकर दुरुस्तीला येतो.

मग कायम मंदच ठेवावा का? तसंही नाही. ऑक्टोबरात किंवा एप्रिलात बाहेर ५० (१० सेल्सिअस) असेल तर घराला तो मंद जाळसुद्धा जास्त होतो. खोली ७६ वर जाते, आपण खिडकी उघडतो. शिवाय दिवसच्या दिवस अगदी मंद जळाला तर जळण पुरतं पेटत नाही, काचेवर आणि धुराड्यात काजळी धरते. ओल्या लाकडाच्या चुलीचं जे होतं तेच.

आमच्याकडे असं ठरलंय. शरद आणि वसंतात ऑन-ऑफ, पण रुंद फरकानं. फरक म्हणजे कोणत्या आकड्याला पेटायचं आणि कोणत्याला विझायचं यातलं अंतर. पॅनेलवर किंवा थर्मोस्टॅटमध्ये त्याला स्विंग किंवा डिफरन्शियल म्हटलेलं असतं. तो १ असेल तर स्टोव्ह सारखा उठबस करतो. ३ ठेवला तर ६७ ला पेटून ७० ला विझतो, आणि मधे दोन-तीन तास शांतता. डिसेंबर ते फेब्रुवारी मात्र आम्ही तो विझवतच नाही, तिसऱ्या तऱ्हेवर ठेवतो. राख झाडायला सकाळी बंद केला तर तेवढाच. तुमच्या स्टोव्हला तिसरी तऱ्हा नसेल तर कडाक्याच्या दिवसांत दुसरी चांगली.

बरं, पण आकडा किती?

अमेरिकेचं ऊर्जा खातं हिवाळ्यात माणसं घरात जागी असताना ६८ ते ७० (२० ते २१ सेल्सिअस) सुचवतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या घरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत थंड हवामानासाठी १८ सेल्सिअस (सुमारे ६४) ही सुरक्षित किमान पातळी सांगितलीय. घरात म्हातारी माणसं, तान्ही मुलं किंवा आजारी माणूस असेल तर त्याहून जास्त हवं, असंही त्यात म्हटलंय. या दोन रेघांच्या मधे आणि थोडं वर तुमचं उत्तर आहे.

दोन डिग्रींनी किती फरक पडतो, हे घरबसल्या काढता येतं. घरातून उष्णता किती वेगानं निसटते हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या अंतरावर ठरतं. बाहेर ३०, आत ७०, अंतर ४०. आत ६८ केले तर अंतर ३८. चाळिसातले दोन गेले, म्हणजे गळती पाच टक्क्यांनी कमी. समजा थंडीत दिवसाला दीड पिशवी, म्हणजे ६० पौंड, लागतात. पाच टक्के म्हणजे रोज तीन पौंड. चार महिन्यांत ३६० पौंड, नऊ पिशव्या.

नऊ पिशव्या वाचवायच्या की आईनं एक स्वेटर कमी घालायचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आम्ही ती असेपर्यंत ७१ ठेवला. म्हाताऱ्या माणसाचं शरीर उष्णता कमी तयार करतं आणि बसून राहणाऱ्याचं त्याहून कमी. मी स्वयंपाकघरात उभी राहून पोळ्या लाटत असते, तेव्हा माझ्या अंगाला ६७ पुरतात. आकडा ठरवताना घरातल्या सगळ्यात स्वस्थ बसणाऱ्या माणसाकडे बघावं. त्याची खुर्ची खिडकीजवळून हलवली तर एक-दोन डिग्री फुकट मिळतात, कारण गार काच अंगाची ऊब ओढून घेते.

८० वर नेला तर घर लवकर तापेल ना?

बाहेरून गारठून आलं की हात आपसूक तिकडे जातो. ऑन-ऑफ आणि हाय-लो पद्धतीत याचा काहीही उपयोग नाही. स्टोव्ह ७० मागितले तरी ठरलेल्या मोठ्या जाळावर जातो आणि ८० मागितले तरी तेवढ्याच. फक्त ७० वर थांबायचा तो थांबत नाही. मॉड्युलेटिंग पद्धतीत थोडा फरक पडतो: मागणी आणि खोली यांतलं अंतर जास्त दिसलं की तो जाळ जरा जास्त वेळ मोठा ठेवतो. पण खोली ६० वर असेल तर ७० च्या मागणीलाही तो आधीच पूर्ण जाळावर असतो. त्यापलीकडे त्याच्याकडे द्यायला काही नसतं.

रात्री बंद केला तर वाचणार नाही का?

वाचेल. "पुन्हा तापवायला जास्त लागतं म्हणून बंद करू नये" असं पुष्कळ लोक सांगतात, ते खरं नाही. घर जितका वेळ गार, तितका वेळ गळती कमी. भोकाच्या माठात पाणी कमी असलं की धार बारीक होते, तसंच. ऊर्जा खात्याचा हिशोब असा की रोज आठ तास ७ ते १० डिग्री खाली ठेवलं तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते.

पण तो सल्ला साऱ्या घराला एकदम तापवणाऱ्या मोठ्या यंत्रांना धरून आहे. पेलेट स्टोव्हची अडचण ताकदीची आहे. समजा तुमचा स्टोव्ह जास्तीत जास्त ताशी ४० हजार बीटीयू देतो, आणि जानेवारीच्या पहाटे घर ताशी ३० हजार गमावतंय. उरले १० हजार. तेवढ्यावर भिंती, फरशी, सोफा, कपाटं सगळं तापवायचं. रात्री ६० वर गेलेलं घर सकाळी ७० वर यायला दुपार होते. त्यात स्टोव्ह सगळा वेळ पूर्ण जाळावर, आणि पूर्ण जाळावर धुराड्यातून थोडी जास्त ऊब निघून जाते.

म्हणून आम्ही रात्री तीन-चार डिग्रीच उतरवतो: ७० वरून ६६. आणि उठायच्या दीड तास आधी वर चढायला सांगतो. ऑक्टोबरात मात्र खुशाल बंद करून झोपावं.

तेलाच्या बॉयलरचं काय करायचं?

न्यू इंग्लंडमधल्या खूप घरांत तळघरात तेलावरचा बॉयलर असतो. तो पाणी तापवून घरभर पाइपांतून फिरवतो. शेजारच्या मेन राज्यात तर निम्म्याहून जास्त घरं तेलावर तापतात. पेलेट स्टोव्ह त्याच्या जोडीला असतो. दोघांचे आकडे सारखे ठेवले तर दोघंही जळत राहतात. बॉयलरचा थर्मोस्टॅट स्टोव्हपेक्षा पाचेक डिग्री खाली ठेवा. स्टोव्ह ७० वर, बॉयलर ६५ वर. म्हणजे स्टोव्ह कमी पडला तरच बॉयलर जागा होतो.

इथं एक धोका आहे आणि तो मी स्वतः पाहिलाय. आमच्या बॉयलरचा खालच्या मजल्यावरचा थर्मोस्टॅट स्टोव्हच्याच खोलीत होता. स्टोव्ह ती खोली गरम ठेवायचा, त्यामुळे बॉयलर कधी सुरूच व्हायचा नाही, आणि दूरच्या खोल्यांतल्या पाइपांत गरम पाणी फिरायचं नाही. एका रात्री पारा शून्याखाली, म्हणजे उणे १८ सेल्सिअसच्याही खाली गेला आणि गॅरेजवरच्या खोलीतला पाइप गोठला. सकाळी भिंतीतून टक-टक आवाज येत होता. फुटला नाही, एवढं बरं. आता त्या खोलीला वेगळा थर्मोस्टॅट आहे, ६० वर. हे जमण्यासारखं नसेल तर कडाक्याच्या रात्री स्टोव्ह दोन-तीन तास खाली उतरवा आणि बॉयलरला पाणी फिरवू द्या. बाहेरगावी जाताना स्टोव्ह बंदच करा आणि बॉयलर ५५ च्या खाली नेऊ नका.

दिवाणखाना ७२ आणि झोपायची खोली ५९, असं का?

कारण हा स्टोव्ह एका जागी बसून ऊब देतो, बंबाजवळ उभं राहावं तसा. आकडा वाढवून लांबची खोली तापत नाही, फक्त दिवाणखाना भाजतो. लोक गरम हवा पंख्यानं लांब ढकलायचा प्रयत्न करतात. त्यापेक्षा उलट करून पाहा: गार खोलीच्या दारात जमिनीवर छोटा पंखा ठेवा, तोंड स्टोव्हकडे. गार हवा जड, ती खालून बाहेर येते आणि तिची जागा घ्यायला वरून गरम हवा आपोआप आत शिरते. छताचा पंखा असेल तर हिवाळ्यात तो उलट्या दिशेनं, अगदी हळू फिरवा. झोप नेहमीसारखी लागते, आणि आकडा जिथल्या तिथं राहतो.

गेल्या वर्षी हेच सेटिंग पुरायचं, यंदा पुरत नाही

आकड्याला हात लावायच्या आधी राख झाडा. जळणाच्या भांड्याची भोकं बुजली की हवा कमी पडते आणि तोच आकडा निम्मी ऊब देतो. भांड्यात कधीकधी काचेसारखा कडक खडा बनतो, तो उपसून काढावा लागतो. मागच्या नळ्यांवर राखेचा थर बसला तर ऊब खोलीत न येता धुराड्यात जाते. आमच्याकडे भांडं रोज, नळ्या आठवड्याला, आणि धुराडं वर्षातून एकदा माणूस बोलावून साफ होतं. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर. तिच्यात विस्तव काही दिवसही जिवंत राहू शकतो.

मग कांड्या पाहा. स्क्रू वजन करत नाही, तो पायलीनं मोजावं तसं आकारमानानं मोजतो. कांड्या लांब असतील तर त्या नीट बसत नाहीत, फटी राहतात आणि दर फेऱ्यात जळण कमी पडतं. भुगा जास्त असेल किंवा ओल लागली असेल तर अडतं. चांगल्या प्रतीच्या कांड्यांत ओलावा ८ टक्क्यांच्या आत आणि राख १ टक्क्याच्या आत असते, पिशवीवर ते छापलेलं असतं. पिशवी बदलली की पहिले दोन दिवस आकड्याबद्दल मत बनवू नका.

आणि जाळाकडे बघा. आई हे पॅनेलकडे न बघता करायची. उजळ पिवळा, चपळ जाळ, त्यातून राखेचे कण उडतायत, म्हणजे ठीक. आळसावलेला, तांबूस, शेंड्याला काळा जाळ म्हणजे हवा कमी. काच करड्या राखेनं धुरकटली तर पुसून घ्या, पण काळी चिकट काजळी धरत असेल तर फुंकणीचा वेग किंवा सफाई तपासा. बुटका, पांढरट, फुर्रकन वर जाणारा जाळ म्हणजे हवा जास्त, जळण कमी. खोलीत हवा सोडणारा पंखाही जाळाशी जुळता हवा. मोठा जाळ आणि मंद पंखा असेल तर स्टोव्ह स्वतःच तापून संरक्षक स्विचनं बंद पडतो. बारीक जाळ आणि जोराचा पंखा असेल तर कोमट वारा लागतो आणि माणसाला वाटतं स्टोव्ह बिघडला.

दोन गोष्टी आकड्याबाहेरच्या

हा स्टोव्ह विजेवर चालतो, महिन्याला साधारण १०० युनिट. वादळात वीज गेली की पंखे थांबतात आणि जळत्या भांड्यातला धूर घरात येऊ शकतो. त्यामुळे त्या मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. बॅटरी जोडणार असाल तर ती प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारी असू द्या. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर हे बोर्ड बिघडतात.

दुसरी, पुस्तिका हरवली असेल तर हॉपरच्या झाकणाखाली किंवा स्टोव्हच्या पाठीमागे एक लेबल असतं. त्यावरच्या मॉडेल क्रमांकानं कंपनीच्या संकेतस्थळावर पुस्तिका मिळते. बटणं दाबायला लागण्याआधी पॅनेलवरचे सगळे आकडे मोबाइलवर टिपून ठेवा. नंतर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन दिवस थांबा. आम्ही हॉपरच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय: तारीख, बाहेरचं तापमान, आकडा, किती पिशव्या. डिसेंबरच्या रकान्यात शेवटी आईच्या अक्षरात एक जादा ओळ आहे, "आज स्वेटर एकच".